पाव मापाचं विमान

१

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. चौथ्या महिन्यात बायकोने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता दारं आपोआप उघडायला लागतील. दुसरं काहीतरी शोधा."

मी रुग्णालयात कान तपासायचो. चौतीस वर्षं तेच केलं. कुणाला काय ऐकू येतं, काय येत नाही, याचे आलेख काढले. ही पुस्तकं बांधते. घरातली एक आख्खी खोली तिच्या कामाची आहे; कागद दाबायचा लोखंडी प्रेस, मोठी कात्री, खळीचं भांडं, कापडाचे तागे. आणि दैव असं, की मी कानाचा माणूस आणि गेल्या दहा वर्षांत हिचेच कान गेले. एकदम नाही, हळूहळू. दर वर्षी मीच तिचा आलेख काढायचो आणि दर वर्षी रेघ आणखी खाली उतरायची. आता यंत्र लावलं तर तिला नुसता गलबला कळतो, शब्द कळत नाहीत. घरात ती यंत्र काढूनच ठेवते. मी समोर उभा राहून बोलतो, ती माझे ओठ वाचते. आमचं बरं चाललंय.

रिमोटवर उडणारी लहान विमानं मी तरुणपणी केली होती. आता वेळ होता, तेव्हा म्हटलं एकदा मोठं करू. महायुद्धातलं, एका माणसाचं लढाऊ विमान. अशी विमानं उडवणाऱ्यांच्या आमच्या क्लबात कॅप्टन म्हणून एक गृहस्थ आहेत. ते कधीच कुठले कॅप्टन नव्हते, बंदरावर क्रेन चालवायचे. डोक्यावरच्या टोपीमुळे नाव पडलं. क्लबातल्या प्रत्येक नव्या विमानाचं पहिलं उड्डाण त्यांच्या हातून होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "घ्यायचं तर मोठंच घ्या, कानवाले. लहान विमान चटकन चुकतं. मोठं विमान हळू चुकतं, आपल्याला सावरायला वेळ देतं."

दुकानात तीन प्रकार होते. एक थर्माकोलसारख्या फोमचं, डब्यातून काढा आणि उडवा. दुसरं तयार साच्यातलं, गुळगुळीत, रंगासकट. तिसरं म्हणजे नुसतं लाकूड: चौदाशे तुकडे, फासळ्या, पट्ट्या आणि आठ नकाशे. खऱ्या विमानाच्या बरोबर एक चतुर्थांश. दुकानदाराने धडाचा नकाशा काउंटरवर उलगडला. तो काउंटर ओलांडून खाली लोंबायला लागला, तेव्हा हिने दुसरं टोक धरलं आणि मागे मागे जात दुकानाच्या दारापर्यंत पोचली.

"पंख वेगळे निघतात ना?" तिने विचारलं. "दारातून बाहेर काढायचं आहे."

"निघतात," दुकानदार म्हणाला.

"मग हेच. दोन वर्षं तरी तेलाचा डबा हातात घेणार नाहीत."

२

दोन वर्षं लागली नाहीत, चौदा महिने लागले.

तिच्या खोलीतली खिडकीकडची बाजू मला मिळाली. सकाळी नऊला दोघं कामाला बसायचो, तिची पाठ माझ्याकडे, माझी तिच्याकडे. काही सांगायचं असेल तर मी पायाने फरशीवर ठोकायचो. तिला ते तळव्यांतून कळायचं. ती वळायची, ओठ बघायची. विमानाचं लाकूड इतकं हलकं असतं, की फासळी हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटत नाही. एकेक फासळी घासायची, नकाशावर ठेवायची, टाचणीने टोचायची, डिंक लावायचा, वाळू द्यायचा. घाईला जागाच नाही. पंखांना आणि शेपटाला कापड चढवायची वेळ आली, तेव्हा हिने मला बाजूला केलं. तिने पुस्तकासारखंच ते विमान बांधलं. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. कापड ताणून बसलं आणि बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायचं. म्हणजे मला वाजायचं. तिला बोटाला कळायचं.

सहाव्या महिन्यात धड दोन्ही बाजूंनी मढवून झालं. आठ फूट लांब, मधे माझ्या कवेत मावेल एवढं जाड, पोकळ. फक्त कॉकपिटचं भोक उघडं होतं. आत एखादा सांधा सैल राहिला आहे का ते बघायला मी भोकातून हात घालून एका फासळीवर पेन्सिलीने ठोकलं.

टक.

आणि मग, श्वास घ्यावा एवढ्या अवधीने, परत टक.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. माझा धंदाच आवाजाचा. आठ फुटांच्या नळीत प्रतिध्वनी असा सुटा ऐकूच येत नाही; जातो न जातो तोच परततो, दोन्ही आवाज एकात मिसळतात. हा आवाज कुठेतरी जाऊन आला होता. तो परतायला जेवढा वेळ लागला, त्या हिशेबाने समोरची भिंत निदान दीडशे पावलांवर असायला हवी.

खोली बारा फुटांची आहे.

मी कान भोकाशी नेला. आत वारा होता. जोराचा नाही. मोकळ्या मैदानावर सकाळी गवतावरून जातो तसा, सलग, लांबवर पसरलेला. खिडकी बंद होती. मी डोळा लावून पाहिलं. आत फासळ्या, वायरी, डिंकाचे वाळलेले थेंब, सगळं माझ्याच हातचं. शेवटची फासळीसुद्धा दिसत होती.

शिंपल्यात समुद्र ऐकू येतो, त्यातलाच प्रकार, असं मी स्वतःला सांगितलं. कुठलीही पोकळ वस्तू खोलीतले आवाज गोळा करते. त्या दिवशी मी जेवायला थोडा लवकर उठलो.

३

तिला मी काही सांगितलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाजाबद्दल काय सांगायचं?

आठवड्याभराने मी आंघोळ करून खोलीत आलो तर ती विमानापाशी होती. कॉकपिटच्या कडेचं कापड चिकटवत असावी. हातात कापड दाबून बसवायची हाडाची पट्टी होती, पण हात थांबला होता. गाल धडावर टेकवलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं, तिला घेरी आली. मी फरशीवर ठोकलं. तिने डोळे उघडले नाहीत, हात वर करून मला थांबवलं.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली. चेहरा असा होता, की तो मी दहा वर्षांत पाहिला नव्हता.

"कुणीतरी चालतंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"लांब. गवतातून. बूट आहेत पायात." ती थांबली. "अहो, मला ऐकू येतंय."

मी खुर्चीवर बसलो. मग तिच्यासमोर तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की लाकूड थरथरतं, गालाचं हाड ते थरथरणं आत नेतं, म्हणून तसं वाटतं. सांगतानाच मला माहीत होतं की हे खरं नाही. तिचं दुखणं आतल्या कानाचं आहे. तिथे हाडाचा रस्ताही बंदच असतो. ते निदान माझंच.

तिने माझं सगळं शेवटपर्यंत वाचून घेतलं. मग म्हणाली, "एक पाऊल जड पडतंय त्याचं. डावं बहुतेक. थरथरण्यात डावं-उजवं कळतं का?"

मी धडाला कान लावला. मला फक्त वारा ऐकू येत होता.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं गाल टेकवून उभी राहायची. मी लाकूड हातात घेऊन बसायचो आणि घासतोय असं दाखवायचो. ती सांगायची ते कधी इतकं साधं असायचं, की अंगावर काटा यायचा तो त्या साधेपणानेच. "आज थांबला मधे. दमला असेल." "आज शिट्टी वाजवत होता. सूर काही नाही, नुसती हवा." "आज पाणी ओलांडलं, ओढा असेल." मी विचारायचो, "जवळ आलाय का?" ती विचार करून सांगायची, "कालच्यापेक्षा."

एक दिवस मी माझा जुना आवाज मोजायचा मीटर आत ठेवला. काटा हलला नाही. फोनवर ध्वनिमुद्रण केलं. त्यात माझाच श्वास होता. म्हणजे यंत्राला काही ऐकू येत नाही, मला वारा ऐकू येतो आणि ठार बहिऱ्या बाईला पावलं. आयुष्यभर मी ज्याला तपासणी म्हणत आलो, तिचा हा निकाल.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिला नव्हती वाटत. दहा वर्षं जिच्याशी जगाने बोलणं टाकलं होतं, तिच्याकडे कुणीतरी चालत येत होतं. ती सकाळी केस नीट विंचरून खोलीत यायला लागली.

४

इंजिन बसलं, चाकं बसली, रंग झाला. राहिलं ते कॉकपिटवरचं काचेचं झाकण. ते खऱ्यासारखंच मागे सरकतं; उडवताना पुढे ओढून चार स्क्रूंनी बंद करायचं असतं. किटमध्ये वैमानिकाचा अर्धा पुतळाही होता, छातीपर्यंतचा. हिने तो बसवू दिला नाही. "जागा अडवू नका," म्हणाली.

एका गुरुवारी ती बांधलेली पुस्तकं पोचवायला बाहेर गेली. खोलीत मी एकटा होतो. कान लावायचा नाही असं ठरवलं होतं, तरी लावला. वारा पडला होता. त्या जागी काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं फार जवळचं होतं. फोनच्या पलीकडे कुणीतरी आहे आणि बोलत नाही, तसं.

मी झाकण पुढे ओढलं आणि चारही स्क्रू आवळले. एक स्क्रू दोनदा पडला. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. बरं वाटलं. काम पूर्ण झालं, असंही वाटलं.

ती परत आली, पिशवी ठेवली, खोलीत गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. तिने गाल टेकवला. या वेळी फार वेळ लागला नाही.

"कशाला बंद केलंत?"

मी दारातून आत आलो.

"बाहेर उभा आहे तो," ती म्हणाली. आवाज तिला सांभाळता येत नाही, तो एकदम मोठा झाला. "पंखावर चढून उभा आहे. काचेवर बोटांनी वाजवतोय. इतक्या लांबून चालत आला माणूस, आणि तुम्ही दार लावून घेतलंत?"

चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. राग नव्हता त्यात. लाज होती, माझ्या वतीने वाटलेली. दारी आलेल्याला परत पाठवणारं आमचं घर नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं.

स्क्रू मीच काढले. झाकण मागे सरकवलं आणि दोघं खोलीबाहेर आलो. दार ओढून घेतलं, कडी लावली नाही.

५

दुसऱ्या दिवशी वजन करायचं होतं. विमान उडवण्याआधी त्याचा तोल बघावाच लागतो. तीन वजनकाटे घ्यायचे, दोन पुढच्या चाकांखाली, एक शेपटाच्या चाकाखाली, आणि तिन्ही आकड्यांची बेरीज करायची. बुधवारी मी ते एकदा करून भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवलं होतं: अठरा किलो चारशे वीस ग्रॅम.

सकाळी खोलीत गेलो तर झाकण पुढे सरकलेलं होतं. स्क्रू टेबलावर वाटीत होते, मी ठेवले तसेच. झाकण नुसतं बंद होतं, आतून ओढून घ्यावं तसं. काचेतून आत पाहिलं. रिकामी बैठक, रंगवलेली घड्याळं, हिने कातड्याच्या कातरणातून केलेले पट्टे. काल ते बैठकीच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. आज ते बैठकीच्या पुढे, हवेत, एकमेकांना जोडलेले होते. ताठ.

मी तिन्ही काटे लावले. आम्ही दोघांनी विमान उचलून वर ठेवलं. उचलतानाच तिने माझ्याकडे पाहिलं.

एकोणीस किलो पाचशे दहा.

काटे शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तेच. वजन एक किलो नव्वद ग्रॅमने वाढलं होतं, आणि तीन काट्यांवर ते ज्या प्रमाणात वाटलं गेलं होतं, त्यावरून ते नेमकं कुठे आहे तेही काढता येत होतं. मी काढलं. बैठकीच्या मध्यावर.

"एक किलो," मी तिला सांगितलं. "उंदीरसुद्धा एवढा नसतो. माणसाचं तर नाहीच."

तिने पेन्सिल घेतली. ती कागदाच्या मापात आयुष्य घालवलेली बाई, तिला घड्या करायची सवय. "पाव माप आहे ना? लांबीला चौथा हिस्सा. रुंदीला चौथा, जाडीला चौथा." तिने लिहिलं: चार गुणिले चार गुणिले चार. चौसष्ट. मग त्याला एक किलो नव्वदने गुणलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

एकोणसत्तर किलो सातशे साठ ग्रॅम.

आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. मग माझं लक्ष काट्यांकडे गेलं आणि मला जे दिसलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही, कारण सांगण्यासारखं ते फार लहान आहे. निर्जीव वस्तू काट्यावर ठेवली की आकडा क्षणभर हलतो आणि थांबतो. हा थांबत नव्हता. एक ग्रॅम इकडे, दोन ग्रॅम तिकडे. माणूस काट्यावर उभा असताना कितीही स्थिर राहिला तरी आकडा जसा हलत राहतो, तसा.

ही पुढे झाली आणि काचेवर अलगद हात ठेवला. झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसा.

"आता किती दिवस बसवून ठेवायचं त्याला?" ती म्हणाली.

६

मी दोन दिवस टाळाटाळ केली. पाऊस येईल म्हटलं, आभाळ स्वच्छ होतं. रिमोटची बॅटरी चार्ज नाही म्हटलं, तिने चार्जर दाखवला.

शेवटी मी तिच्यासमोर बसलो आणि खरं ते बोललो. "उडवलं आणि ते गेलं, तर तुझं ऐकणंही जाईल. याच्याबाहेर तुला काहीच ऐकू येत नाही."

तिने माझे ओठ वाचले. थोडा वेळ खळीच्या भांड्यातला ब्रश पुसत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून काय त्याला कोंडून ठेवू? माझी करमणूक व्हावी म्हणून?" मग हसली. "तुम्ही बिजागऱ्यांना तेल घालत होतात तेव्हाही मी जिवंत होतेच की."

मी कॅप्टनना फोन केला.

७

रविवारी सकाळी आठला आम्ही मैदानावर होतो. कापलेलं गवत, एक पत्र्याची शेड, चार बाकं. बाकीचे सभासद दहानंतर येतात. पंख जोडले, बोल्ट आवळले. कॅप्टन विमानाभोवती दोनदा फिरले, वाकून चाकं पाहिली, पंखावरून हात फिरवला.

"वहिनींनी कापड असं चढवलंय, की वाऱ्यालाही हात लावायला संकोच वाटेल," ते म्हणाले. तिला कळावं म्हणून त्यांनी टोपीला हात लावून मानही डोलावली.

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

इंजिन चालू झालं. कॅप्टननी रिमोट गळ्यात अडकवला. उडवण्याआधी सुकाणू आणि पंखांच्या पट्ट्या हलवून बघायच्या असतात. ते बोटं रिमोटच्या कांड्यांवर ठेवणार, एवढ्यात विमानाचं सुकाणू पूर्ण डावीकडे गेलं, पूर्ण उजवीकडे गेलं. मग शेपटाची पट्टी वर, खाली. मग पंखांच्या. एकेक, सावकाश, शेवटपर्यंत. घाई नसलेल्या, सवयीच्या माणसाने करावं तसं.

कॅप्टननी स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं. ते कांड्यांच्या वर, हवेतच होते.

"दुसरा रिमोट आणलाय का तुम्ही?"

"नाही."

त्यांनी पुन्हा सुकाणूकडे पाहिलं. "क्रेनवर असताना," ते म्हणाले, "दोराच्या दुसऱ्या टोकाला माल आहे का माणूस, ते हाताला कळायचं." आणि त्यांनी अंगठे अगदी हलके टेकवले, मांजरीच्या पाठीवर ठेवावेत तसे.

विमान गवतावरून निघालं. शेपूट उचललं गेलं, मग चाकं. मी आयुष्यात शेकडो विमानं उडताना पाहिली आहेत, खेळण्यातली आणि खरी. इतकं सहज वर जाणारं पाहिलं नाही. ते वर गेलं, रुंद वळण घेतलं, उन्हात एका पंखावर आडवं झालं, पुन्हा सरळ झालं. कितीतरी दिवसांनी हातपाय ताणावेत तसं.

"मी काहीच करत नाहीये," कॅप्टन हळूच म्हणाले. अंगठे आता पुन्हा हवेत होते. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर वरून हलत नव्हती, आणि तोंड किंचित उघडं होतं. माझंही असावं.

मग ते आमच्याकडे वळलं आणि खाली आलं. मैदानाच्या कडेकडेने, डोक्याच्या उंचीच्या जरा वर. आवाज बदलत गेला. आमचं इंजिन दोन नळकांड्यांचं, त्याचा आवाज शिवणयंत्राच्या मोठ्या भावासारखा. हा तो नव्हता. हा खालून, जमिनीतून आला. शेडचा पत्रा थडथडायला लागला, बाकावरची पाण्याची बाटली आडवी झाली, माझ्या छातीचा पिंजरा वाजत होता.

मी हिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

तेवढ्यात ते समोरून गेलं. एक क्षण, त्याहून जास्त नाही. झाकण मागे सरकलेलं होतं. कडेवर कोपर टेकलेलं होतं, तपकिरी बाहीतलं, आणि त्याच्यामागे एक मान आमच्या बाजूला वळत होती. चेहरा मला दिसला नाही. तो वळून पूर्ण होईपर्यंत ते पुढे गेलेलं होतं. त्याने पाहिलं ते माझ्याकडे किंवा कॅप्टनकडे नव्हे, एवढं मला कळलं.

मैदान संपलं, पलीकडची शेतं आली आणि ते सरळ जात राहिलं. रिमोटचा पल्ला संपायला हवा होता. आणि इथे मी जे पाहिलं ते कॅप्टननीही पाहिलं, त्यांनी माझा दंड धरला होता. नऊ फुटी पंखांचं विमान तेवढ्या अंतरावर कावळ्याएवढं दिसतं, मग माशीएवढं, मग दिसत नाही. हे लहान होत नव्हतं. विजेच्या मनोऱ्यांच्या पलीकडे गेलं, तरी तेवढंच. दूरच्या टेकडीवर पोचलं, तरी तेवढंच. म्हणजे ते वाढत होतं. आपल्या मूळ मापाकडे जात होतं. टेकडीवरच्या झाडांवरून त्याची सावली गेली, आणि ती सावली एखाद्या घराएवढी होती.

मग धुरकट आभाळात ते शिरलं.

आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो. आवाज विरून गेला, पत्रा शांत झाला. हिने हात कानांवरून खाली घेतले आणि तळव्यांकडे पाहिलं. ओले असावेत तसे ते साडीला पुसले.

टाकीत इंधन बारा मिनिटांचं होतं. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. कॅप्टननी रिमोट बंद करून पेटीत ठेवला आणि क्लबची वही काढली. प्रत्येक उड्डाणाची नोंद करावी लागते.

"काय लिहू? हरवलं? पडलं?"

ती त्यांचे ओठ बघत होती. "उतरलं नाही, असं लिहा," ती म्हणाली.

त्यांनी तसंच लिहिलं.

८

टेकडीपलीकडच्या गावांत मी चौकशी केली. शेतात, छपरावर, कुठेही काही पडलेलं नव्हतं. कॅप्टन अजून येतात मैदानावर, पण बाकावर बसतात. उडवायला दुसऱ्या कुणाला सांगतात. त्या सकाळबद्दल आम्ही बोलत नाही. कधी कधी ते बोलताना मधेच थांबतात आणि टेकडीकडे बघतात, तेव्हा मीही बघतो.

खोलीतली खिडकीकडची बाजू रिकामी झाली. हिने तिथे काही ठेवलं नाही. ती पुस्तकं बांधत राहिली, मी तिला दोरे ओवून द्यायला लागलो. महिन्याभराने एका दुपारी तिने सुई थांबवली आणि म्हणाली, "माझा या वर्षीचा आलेख राहिलाय."

रुग्णालयात माझ्या जागी आलेल्या मुलीने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत खोली दिली. जाड गादीच्या भिंतींची ती पेटीवजा खोली, मधे काच. ही आत बसली, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण घेतलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, आणि ऐकू येईल तोवर दाबून धरायचं. बाहेर माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. मी सुरुवात केली. बारीक, मध्यम, मोठे, सगळे आवाज सोडले. शेवटी यंत्रात असेल नसेल तेवढा जोर लावला. दिवा लागला नाही. रेघ मागच्या वर्षीपेक्षाही खाली होती. खरं तर कागदावर तिला आता जागाच उरली नव्हती.

मी यंत्रावरून हात काढले, कागद घडी केला. तिला बाहेर ये म्हणून खूण करणार, तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

तिचे डोळे मिटलेले होते. अंगठा बटणावर होता. मी काहीच सोडत नव्हतो. दिवा दहा सेकंद राहिला, विझला. मी बसून राहिलो. पुन्हा लागला.

मी उठलो, जाड दार उघडलं आणि आत गेलो. तिच्या समोर, गुडघ्यांवर बसलो. तिने डोळे उघडले.

"तेच आहे?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"किती लांब?"

"खूप."

दार माझ्यामागे आपल्या वजनाने लागलं, आणि त्या गादीच्या भिंतींमध्ये मला माझंच रक्त वाहताना ऐकू यायला लागलं.

"जातंय, की येतंय?"

तिने कानांवरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मान किंचित कलती केली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंदही म्हणता येणार नाही. फार मोठं काही डोक्यावरून सरकत असताना माणूस जसा स्तब्ध होतो, तशी ती झाली होती.

"वळतंय," ती म्हणाली.